माझा जीव भांड्यात पडला तेव्हा

मित्रांनो, तुमच्या घरात कपाटावर नाहीतर टीव्हीच्या मागे एक पेटी धूळ खात बसलेली असते. हिरवे दिवे मिचकावते, आणि ती जरा बंद पडली की घरात आरडाओरडा सुरू होतो. तिचा मी धाकटा भाऊ. मी एक जुना राउटर आहे. अंगाने साबणाच्या वडीएवढा, रंगाने काळा आणि डाव्या खांद्यावर थोडा भाजलेला. भाजलो कसा, ते पुढे येईलच.

माझी मोठी भावंडं घराघरांत इंटरनेट वाटतात, म्हणून त्यांचा थाट मोठा. माझ्याकडे इंटरनेट नावालाही नाही. मी एवढंच करतो की कॅमेऱ्यात निघालेला फोटो उचलतो आणि लांब कुणाच्यातरी हातात असलेल्या टॅबलेटवर नेऊन पोचवतो. वायर नाही, धावपळ नाही. फोटो काढणारी आत, बघणारे बाहेर आणि मधे मी. फोटो सगळ्यांच्या आधी माझ्या पोटातून जातो, त्यामुळे तो पहिल्यांदा बघायचा मान माझाच असतो. याचा मला थोडा गर्व आहे, तो तुम्ही चालवून घ्या.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला नीट आठवत नाही. आठवतात ते गिरगावातले रमाकांतकाका. औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी करायचे आणि हॉटेलात उतरले की मला भिंतीतल्या वायरीला जोडायचे. पुढे हॉटेलांनी स्वतःचं वायफाय घेतलं आणि माझी गरज संपली. काका सज्जन, त्यांनी मला फेकलं नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात दिलं, आणि तिथे जुन्या चार्जरांच्या टोपलीत मी किती काळ पडून होतो कोण जाणे.

त्या टोपलीतून मला उचललं ते आकांक्षाने. ती वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली. आजोबा गिरणीत होते, वडील बसमध्ये कंडक्टर, आणि ही त्यांच्या घरातली पहिली फोटोग्राफर. तोवर ती कॅमेऱ्यापासून टॅबलेटपर्यंत एक लांब वायर टाकून काम करायची. भायखळ्याच्या भाजी मंडईत फोटो काढताना कोथिंबिरीची टोपली डोक्यावर घेतलेला एक माणूस त्या वायरीत अडकला. टोपली खाली, माणूस खाली आणि कॅमेराही निघालाच होता खाली. तिचा कॉलेजपासूनचा दोस्त अनिश कामात तिच्या जोडीला असतो. त्याने कॅमेरा वरच्या वर झेलला म्हणून निभावलं. आकांक्षाने त्या माणसाची कोथिंबीर गोळा करून दिली, वायर गुंडाळली आणि थेट लॅमिंग्टन रोड गाठला.

"ताई, हा नेट नाय देणार," दुकानदाराने आधीच सांगून टाकलं. "सिम टाकायची सोयच नाय ह्याच्यात."

"नेट नकोच आहे मला. कॅमेरा आणि टॅब एकमेकांशी बोलले पाहिजेत, बस."

"मग घेऊन जा. बिचारा पडूनच आहे."

बिचारा म्हटलेलं मला लागलं. पण टोपलीतून सुटका झाली, त्या आनंदात मी ते सोडून दिलं.

मित्रांनो, काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. पहिल्याच दिवशी कॉटन ग्रीनच्या एका गोदामात फजिती झाली. चामडी बॅगांचे फोटो काढायचे होते. आकांक्षा फोटो काढतेय, मी पोचवतोय, आणि टॅबलेट घेऊन बसलेले बॅगवाले शेठ एकाच बॅगेकडे बघत बसलेत. टॅबलेट हा फार चंचल प्राणी आहे. माझ्याकडे इंटरनेट नाही असं त्याला कळलं की तो गुपचूप मला सोडतो आणि दुसऱ्या ओळखीच्या वायफायकडे पळतो. अनिशने डोकं लढवलं आणि टॅबलेटला बाकीची सगळी वायफाय विसरायला लावली. त्याच्या साऱ्या जुन्या सोयरिकी तोडल्या, तेव्हा कुठे तो माझ्याशी नांदायला लागला.

मग पॉवर बँकेचं नाटक. माझी भूक इतकी कमी की तिला वाटायचं, इथे कुणी जेवायलाच बसलेलं नाही. ती आपलं दुकान बंद करून मोकळी, आणि मी भर कामात बेशुद्ध. शेवटी कमी खाणाऱ्यालाही वाढत राहील अशी दुसरी पॉवर बँक मिळाली. आकांक्षाने ती रबरबँडने माझ्या पाठीवर बांधली. तेव्हापासून आम्ही जोडीने फिरतो.

एक गोष्ट तिला नंतर कळली. माणसाच्या अंगात पाणी फार, आणि पाण्यातून माझा आवाज धड जात नाही. मधे चार माणसं उभी राहिली की मी मुका. म्हणून मला नेहमी उंचावर ठेवायचं, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर. आणि चाळीत शूटिंग असलं की नवीन वायफाय दिसलं म्हणून आजूबाजूचे सगळे फोन मला चिकटायचे. म्हणून अनिशने मला पासवर्ड लावला आणि माझं नावच ठेवलं, 'नेट नाही'. तरी एकदा एक काका सांगायला आलेच, "ओ ताई, तुमचं ते नेट नाही आहे ना, त्याच्यात नेट नाही."

कौतुकाचे दिवसही आले. सगळ्यांत मोठं कौतुक झालं आकांक्षाच्याच घरी. जयंतीचा दिवस होता. खाली चाळीच्या मैदानात निळे झेंडे लागले होते, पंचशील ध्वज चढवायचा होता आणि गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे आकांक्षाची आजी, रखमाबाई, वरच्या मजल्यावर पलंगावर अडकून पडल्या होत्या. आकांक्षाने मला खिडकीच्या गजाला बांधलं, टॅबलेट आजीच्या मांडीवर ठेवला आणि कॅमेरा घेऊन खाली पळाली. ध्वज वर गेला, फोटो निघाला आणि मी तो आजींच्या मांडीवर नेऊन ठेवला. त्या म्हणाल्या, "अगं बया, मी तर खालीच उभी हाय की!" त्यांनी पडल्या जागी हात जोडले. माझ्या हिरव्या दिव्याला त्या दिवशी जे तेज आलं होतं, ते पुन्हा कधी आलं नाही.

आणि मग व्हायचं तेच झालं. आकांक्षाने नवा कॅमेरा घेतला. त्याच्या पोटातच वायफाय होतं. माझी रवानगी संपलेल्या सेलांच्या खणात झाली. रुसलो म्हणा, पण रुसलेला राउटर कुणाला कळतो? खणात अंधार असतो, आणि अंधारात आपण कुणाला नको आहोत असंच वाटत राहतं.

तेवढ्यात मृणालिनीताईंच्या पुस्तकाचं काम आलं. ताई एका प्रकाशनात संपादक. गिरणगावातल्या स्वयंपाकघरांवर त्या पुस्तक करत होत्या. एकेका घरचा एकेक पदार्थ, आणि फोटोत हात त्या घरच्याच बाईचे. परळच्या एका घरी थालीपिठाचे फोटो काढले. चाळीतल्या स्वयंपाकघरात तीन माणसं उभी राहिली की चौथ्याने श्वास कुठे घ्यायचा हा प्रश्न, म्हणून ताई बाहेर गॅलरीत बसल्या. नव्या कॅमेऱ्याचं वायफाय एक भिंत ओलांडेना. शेवटी न बघताच काम उरकलं. ऑफिसात जाऊन बघतात तर सगळ्या फोटोंत थालीपिठावर सांडशीची सावली, आणि त्या बाई तोवर गावी निघून गेलेल्या.

पुढचं घर लालबागचं होतं. मीराबाईंचे कोंबडी-वड्यातले वडे. ताईंनी आधीच स्पष्ट सांगितलं.

"आकांक्षा, तुझ्यावर विश्वास नाही असं नाही गं. पण नंतर हळहळायचं मला परत नको. फोटो निघाला की माझ्या हातात दिसला पाहिजे. ते जमणार नसेल तर वडे आपण स्टुडिओत करू, आचारी बोलावून."

"हात आचाऱ्याचे आणि नाव मीराबाईंचं?"

"नाही, तसं खोटं नाही करणार. मग त्यांचं पान गाळावं लागेल."

आकांक्षा घरी आली आणि तिने खण उघडला. माझ्या अंगावरची धूळ ओढणीने पुसून ती म्हणाली, "चल बाबा. तूच चल."

मीराबाईंची गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. मूळच्या मालवणकडच्या, लग्न करून लालबागला आल्या त्या तिथल्याच झाल्या. यजमान सीताराम गिरणीत होते. मीराबाई घरी खाणावळ चालवायच्या आणि गिरणीची पाळी सुटली की गावाकडची माणसं त्यांच्या हातचं जेवायला जिन्यापर्यंत रांग लावायची. आता सीताराम नाहीत, गिरणी नाही, खाणावळही नाही. मुलगा अजित बँकेत आहे, सून सीमा शाळेत शिकवते, दोघंही मायेची. पण गेल्या वर्षी मीराबाईंना शेगडीपाशी चक्कर आली आणि अजित घाबरला. तेव्हापासून त्याने आईला ओट्याकडे फिरकू दिलं नाही. "आई, तू आता बस. खूप केलंस," असं म्हणून त्याने गॅलरीत एक खुर्ची ठेवली. मीराबाई त्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या घरच्या फोडणीचा वास घ्यायच्या.

फोटोंसाठी अजितने कसाबसा होकार दिला होता. एकदाच, आणि तो स्वतः घरी असताना. म्हणजे बघा, आज काम झालं तर मीराबाईंचं पान पुस्तकात, नाहीतर परत शेगडीपाशी जायची वेळच येणार नव्हती. मीराबाईंना हे पुरतं माहीत होतं. त्यांनी वड्याचं पीठ कुणालाही हात लावू न देता आदल्या दिवशी स्वतः भिजवलं होतं.

सकाळी आम्ही पोचलो. गॅलरीत मृणालिनीताई आणि टॅबलेट घेतलेला अनिश. दाराच्या चौकटीला टेकून अजित. आत मीराबाई, सीमा आणि आकांक्षा. आकांक्षाने मला ओट्यावरच्या फळीवर, पोह्यांच्या डब्याशेजारी ठेवलं आणि मीराबाईंना म्हणाली, "आजी, ही डबी इथेच राहू दे. हिला जपा हं, आज सगळं हिच्यावरच आहे."

"जपतंय गो. तू काळजी करू नको," मीराबाई म्हणाल्या.

रिकाम्या कढईचा एक फोटो काढून बघितला. मी तो क्षणात बाहेर पोचवला. "आला! एकदम मक्खन!" अनिश ओरडला. ताईंनी मान डोलावली आणि माझी छाती फुगली.

मग आकांक्षा खिडकीला पांढरा पडदा लावायला वळली. सीमा केळीचं पान पुसत होती. मीराबाईंनी कढईत तेल ओतलं, ते तापायला लागलं आणि त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईला 'जपा' म्हणून सांगितलंय, ती माझ्यासारखी नाजूक वस्तू तापल्या तेलाच्या डोक्यावर उघडी कशी ठेवेल? त्यांच्या घरात जपायच्या वस्तूंची एकच जागा होती. बोनसच्या दिवाळीत सीतारामांनी आणलेला, घट्ट झाकणाचा पितळी डबा. त्यांनी मला पदराने पुसलं, अलगद डब्यात ठेवलं आणि तळव्याने झाकण दाबून बसवलं. आत मिट्ट काळोख. माझ्या कुशीला सीतारामांचा चष्मा होता.

मित्रांनो, माणसांचं एक बोलणं मला कधी कळलं नाही. काळजी मिटली की माणसं म्हणतात, जीव भांड्यात पडला. माझा जीव त्या दिवशी खराखुरा भांड्यात पडला, आणि बाहेर सगळ्यांचे प्राण कंठाशी आले.

कारण धातूतून माझा आवाज जात नाही. मी ओरडतोय, पितळ माझं ओरडणं मलाच परत देतंय. बाहेर पहिला वडा तेलात पडल्याचं मला ऐकू आलं. टम्म फुगला असणार, कारण सीमा "वा!" म्हणाली. कॅमेरा खटखटला.

"अनिश, आला का?"

"नाय गं. नुसतं गोल गोल फिरतंय."

वडा फुगलेला राहतो तो जेमतेम श्वास रोखून धरता येईल इतकाच वेळ. मग तो दम सोडतो. पहिला बसला. दुसरा टाकला, तोही फुगला आणि बसला. अनिशने टॅबलेट बंद करून चालू केला. पुन्हा पासवर्ड टाकला. टॅबलेट परत पळाला असेल असा त्याला संशय, कारण त्याचा इतिहासच तसा. परातीतला पिठाचा गोळा लहान लहान होत चालला.

"आई, बस झालं आता," अजितचा आवाज आला. "आत किती गरम होतंय बघ. परत चक्कर यायची."

"थांब रे जरा," मीराबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. मला आत डब्यातसुद्धा तो जाणवला. इतके दिवस वाट बघितलेली गोष्ट हातातून निसटतेय हे त्यांना कळत होतं, आणि ती आपल्याच हाताने झाकून ठेवलीय हे कळत नव्हतं.

"अनिश, राउटर चेक कर ना!"

"अगं, राउटर तुझ्याकडे आहे, आत!"

आकांक्षाने मान वर करून फळीकडे पाहिलं. पोह्यांचा डबा होता, मी नव्हतो. "राउटर कुठे गेला?" ती जवळजवळ किंचाळलीच.

मीराबाईंनी झाऱ्याने वडा उलटला आणि शांतपणे सांगितलं, "राऊत? तो वरच्या माळ्यार रवता. कामाक गेलो असतलो आता."

"राऊत नाही आजी, राउटर!"

"तांच सांगतंय मगे. राऊत. घरात नाय तो."

गॅलरीत अनिश हसावं की रडावं या विचारात. आकांक्षाच्या तर डोळ्यांत पाणी आलेलं. शेवटी सीमाच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो आई, ती काळी डबी! ताईंनी फळीवर ठेवलेली!"

"ती होय! मगे तसा सांगा. ती जपान ठेवलंय मिया."

"कुठे?"

"खंय म्हणजे? डब्यात!" मीराबाईंना प्रश्नच कळेना. "तेलाचे शिंतोडे उडतत. भाजात ना ती बिचारी."

पुन्हा बिचारी! पण त्या वेळी मला राग आला नाही. आकांक्षा डब्यावर झेपावली. झाकण हलेना. सीमाने पदराने धरून ओढलं, तरी हलेना. पिठाचे, तेलाचे हात, आणि झाकण सीतारामांच्या वेळचं, इमानदार. "अहो, आत या जरा," सीमाने हाक मारली. अजित आत आला. आईला चक्कर आली होती त्या दिवसानंतर तो त्या ओट्याशी पहिल्यांदाच उभा राहत होता. त्याने डबा छातीशी धरला, दात आवळले आणि झाकण पिळलं.

उजेड! हवा! माझ्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडला आणि अडकून राहिलेले सगळे फोटो माझ्यातून धो धो वाहायला लागले. "आले! सगळे आले! अरे, येतायत अजून!" अनिश गॅलरीत नाचायचाच बाकी होता. मित्रांनो, माझा जीव भांड्यातून निघाला आणि बाकी सगळ्यांचा एकदाचा भांड्यात पडला. आकांक्षा हसत हसत डोळे पुसत होती.

पण काम अजून झालं नव्हतं. मृणालिनीताईंनी एकेक फोटो बोटाने सरकवत पाहिला आणि बाहेरून सांगितलं, "आकांक्षा, वडे सुंदर आलेत, पण वाफेत आजींचा हात हरवतोय. वडा वर आला की हात जरा पुढे येऊ दे. मला तो हात हवाय."

परातीत एका वड्यापुरतं पीठ उरलं होतं. मला पुन्हा फळीवर ठेवलं. मीराबाईंनी हात पाण्यात बुडवला, केळीच्या पानावर वडा थापला, तेलात सोडला. वडा तळाला गेला, डळमळला आणि वर येताना असा फुगला की जणू त्यालाही पान हुकवायचं नव्हतं. मीराबाईंचा हात झारा घेऊन पुढे आला. खट्. मी तो फोटो पोटात घेतला, पाहिला आणि बाहेर पोचवला.

"हाच," मृणालिनीताई म्हणाल्या. "आकांक्षा, हाच. आजी, तुमचं पान झालं."

त्याच वेळी कढईतून एक थेंब उडाला आणि चर्र करून माझ्या खांद्यावर बसला. तोच हा डाग. मीराबाईंनी तो बघितला. "सांगलंय नाय मिया?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांकडे फिरून पाहिलं. त्यांचं म्हणणं खरं होतं.

"माका बघूक व्हया," त्या म्हणाल्या. अजितने टॅबलेट आणून त्यांच्यासमोर धरला. सीतारामांचा चष्मा डब्यातून काढून त्यांनी डोळ्यांवर चढवला, त्यातून त्यांना दिसत होतं की नाही कोण जाणे. मग फोटोतल्या हातावरून बोट फिरवलं. सुरकुत्यांवर पीठ, काचेच्या हिरव्या बांगड्या, मागे सोन्यासारखा वडा.

"हे माझे हात? हे तर माझ्या आवशीचे हात," त्या म्हणाल्या. आवस म्हणजे आई. सीमाने पदर डोळ्यांना लावला.

वातावरण जरा हलकं करावं म्हणून अजित म्हणाला, "पण काय गं आई, त्या डबीला डब्यात कशाला कोंबलंस? गुदमरली ना ती."

"जपूक म्हणान घातलंय." मीराबाईंनी चष्मा काढला. "आणि तू माका गॅलरीत त्या खुर्चयेर बसयलंस, तां कित्याक रे? जपूकच मां?"

अजितच्या एका हातात टॅबलेट आणि दुसऱ्यात अजून डब्याचं झाकण होतं. तो त्या झाकणाकडेच बघत राहिला.

"मगे माकाव काढ आता त्या डब्यातसून."

त्या रागावून बोलल्या नाहीत, मित्रांनो. अगदी सहज, मीठ मागावं तसं बोलल्या. अजित बाहेर गेला, त्याने गॅलरीतली खुर्ची उचलली, आत आणली आणि ओट्याला लागून ठेवली. "बसून कर," तो म्हणाला. "मी आहे शेजारी. पण बसून कर." मग त्याने स्वतःच परात पुढे ओढली आणि विचारलं, पीठ भिजवताना पाणी गरम घ्यायचं की गार.

पुढे पुस्तक आलं. मीराबाईंचं पान आलं. त्यात मी दिसत नाही, मी कुठल्याच फोटोत नसतो. पण त्या दिवसानंतर आकांक्षाने मला परत खणात टाकलं नाही, हेही मला कमी नाही. त्या दिवशी आम्ही निघताना मीराबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याचा एक बटवा शिवून मला घातला. आकांक्षाने भीत भीत तपासून पाहिलं. कापडातून माझा आवाज मजेत आरपार जातो, आणि तेलाचा थेंब मात्र बाहेरच राहतो. आता मी तो बटवा घालूनच कामाला जातो. सीमाने आकांक्षाला फोनवर सांगितलेलं मी बटव्यातून ऐकलं. आता रविवारी वडे मीराबाईच करतात, पीठ अजित मळतो आणि ते दर वेळी त्याच्याकडून सैल होतं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंचं म्हणणं शेवटी एकच असतं, आम्हाला जपा. माझंही तेच आहे. माझी धूळ पुसा, मला उंचावर ठेवा, तेलापासून लांब ठेवा. पण माझ्यावर झाकण लावू नका. आणि तुमच्या घरी गॅलरीतल्या खुर्चीवर कुणी गप्प बसलेलं असेल, तर आज त्यांच्याजवळ जाऊन जरा बघा. त्यांना जपता जपता कुणी झाकण तर लावलेलं नाही ना? लावलं असेल तर घाबरू नका. कितीही घट्ट बसलेलं असलं तरी ते निघतं. मी आतून पाहिलंय.